शंभर, फार तर

खाणीच्या तोंडाशी, भरलेले ट्रक जिथे धापा टाकत वळतात, तिथे जमिनीत एक रुंद लोखंडी पाट बसवलेला आहे. तो वजनकाटा. काट्याच्या कडेला पत्र्याची केबिन, केबिनला एक खिडकी, आणि त्या खिडकीत, सगळी चौकट भरून, टनभाऊ. हे नाव त्याला ड्रायव्हर लोकांनी दिलेलं. दिवसभर टनांत बोलतो म्हणून दिलं, की त्याच्याकडे बघून दिलं, हे त्याने कधी कुणाला विचारलं नाही.

त्याच्या खुर्चीला खाणीतल्या वेल्डरने खालून लोखंडी पट्ट्या मारून दिल्या होत्या. आधीची एक खुर्ची मोडली तेव्हा आठवडाभर खाणीत हसू चाललं. दुसरी मोडली तेव्हा तो स्वतःच सगळ्यांच्या आधी हसला. जाड माणसाला ही युक्ती लवकर साधते.

काट्यापाशी मात्र त्याची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती. एखादा ड्रायव्हर खिडकीला लगटायचा, "टनभाऊ, जरा हात सैल सोडा की. एवढंसं कमी सांगितलंत तर डोंगर काय खचणार आहे?"

"काटा खोटं बोलत नाही, मी कशाला बोलू? चल हो पुढे, मागचा हॉर्न मारतोय."

खडी विकणारा आणि खडी घेणारा, दोघंही त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबत. आयुष्यात छाती पुढे काढून मिरवावं असं त्याच्यापाशी तेवढंच होतं.

खाणीच्या मागे डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर तळं. ते तळं त्याने कधी पाहिलं नव्हतं. लेक लहान होती तेव्हा तिच्या शाळेची सहल तिथे जायची, आईबापही बरोबर असायचे. पायथ्याशी पोचलं की कुणीतरी म्हणायचंच, "टनभाऊ, तुम्ही बसा इथे. सामानाकडे लक्ष ठेवा." तो बसायचा. भोवती पिशव्या, जास्तीचे बूट, लहानग्यांची दप्तरं. वळणावरून लेक हात करायची आणि झाडीत दिसेनाशी व्हायची. मग वरून नुसते आवाज यायचे, वाऱ्यावर तुटत तुटत. संध्याकाळी ती धावत खाली यायची. "बाबा, पाणी इतकं हिरवं होतं!" तो म्हणायचा, "हो का?" ती मोठी होईपर्यंत असे किती "हो का" झाले, त्याला गणती नाही.

लेक दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली आणि आपल्या पैशांनी डोंगरात चालणारी मोटारसायकल घेऊन बसली. दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, जिथे शेळीही विचार करून पाय टाकेल तिथून ती आणि तिची चार मित्रमंडळी सुटीच्या दिवशी गाड्या घालायची. पुढे तिला लांबच्या शहरात नोकरी लागली. जायचा दिवस जवळ आला तसं ती एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, मी जायच्या आत तळ्यावर चला. पायी नाही म्हणत मी. गाडीवर."

"माझ्याखाली कुठली गाडी टिकतेय?"

"टिकते. नीट निवडली तर टिकते."

बायकोने ताटावरून मान वर केली. "आता एवढंच बाकी होतं. माझा नवरा सर्कशीत चालला."

तो हसला, सगळ्यांच्या आधी. पण त्या दिवसापासून केबिनच्या खिडकीतून डोंगर त्याला वेगळाच दिसू लागला. जणू कुणीतरी वरून हाक मारतंय आणि अजून थकलेलं नाही.

शोरूमच्या पोराने त्याला पाहताच सगळ्यात मोठी गाडी पुढे केली. "साहेब, तुमच्या पर्सनॅलिटीला हीच शोभते." लेकीने बापाचा दंड धरून त्याला बाहेर काढलं आणि थेट मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेजात डोंगरातल्या गाड्या खोलून जोडणारा, कमी बोलणारा, तेलकट बोटांचा माणूस. त्या दिवशी बरोबर बायकोचा भाऊही निघाला होता. मेहुण्याला कुठेही नुसतं बघायला यायची हौस.

"मोठी गाडी नको," मिस्त्री म्हणाला. "नवशिक्याने मोठी गाडी घेऊ नये, मग तो स्वतः केवढाही असो. तुम्ही पडणार. पहिल्या महिन्यात तर पडतच राहणार. दरवेळी गाडी तुम्हालाच उचलायचीय. मधल्या ताकदीची घ्या, हलकी घ्या, हाडापेराने मजबूत घ्या."

कोपऱ्यात एक मातकट हिरवी गाडी उभी होती, जुनी पण निगुतीने ठेवलेली. टनभाऊ हळूच तिच्यावर बसला. सीट खाली गेली, आणि दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकले. त्याचा चेहरा उजळला. "ही बघा! अगदी मापाची."

"मापाची नाही. तुमच्याखाली दबलीय ती," मिस्त्री म्हणाला. "खड्डा आला तर दबायला जागाच उरली नाही तिला. चढावर मागून बसेल आणि पुढचं चाक हवेत उचलेल. गाडी चांगली आहे, घ्या. पण मागची स्प्रिंग बदलावी लागेल. बाहेरून मागवतो मी, बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे. बोला, वजन किती?"

गॅरेजात लेकीची मित्रमंडळी होती. दोघंतिघं नुसतेच उभे होते, चहाचे कप हातात घेऊन.

"अहो मिस्त्री, त्यांना काय विचारता?" मेहुणा म्हणाला. "काट्यावर नेऊन उभं करा! माझंच पंच्याण्णव भरतं, तरी आमची ताई मला जाड्या म्हणते. दाजी, तुमचं तर आता टनातच सांगावं लागेल!"

सगळे हसले. या खेपेला टनभाऊला आधी हसायला जमलं नाही. खरा आकडा त्याला पाठ होता. केबिनमागे पोती मोजायचा लहान काटा होता, आणि खाण सुटल्यावर, आसपास कुणी नाही असं बघून, तो एकदा त्यावर उभा राहिला होता.

"शंभर," तो म्हणाला. "फार तर."

मिस्त्रीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नक्की?"

"जन्म काट्यावर गेलाय माझा. मला वजन शिकवता?"

"तसं नाही. तुमचा आकडा म्हणजे आकडा." मिस्त्रीने मान डोलावली. लेक बुटाच्या टोकाने जमिनीवरचा एक नट इकडून तिकडे ढकलत राहिली.

स्प्रिंग यायला दिवस लागणार होते. खरं सांगून टाकायला तेवढे दिवस पुरेसे होते. एका दुपारी तो मुद्दाम एकटा गॅरेजात गेलाही. तिथे दोन गिऱ्हाइकं बसली होती. त्याने साखळीला तेल कुठलं चांगलं ते विचारलं, मिस्त्रीने सांगितलं, आणि तो परत आला.

गाडी घरी आली. खाणीमागच्या सपाट माळावर लेक त्याला शिकवू लागली. "चाकाकडे बघू नका, बाबा, जायचंय तिकडे बघा. उभे राहा फूटरेस्टवर. गुडघे सैल." तो पडला, उठला, गाडी उचलली, पुन्हा पडला. कोपरं सोलली. पण एके दिवशी सगळा माळ त्याने उभ्याने पार केला, आणि वारा शिरून शर्ट फुगला, आणि आपलं अंग कुठे गेलं असं त्याला क्षणभर वाटलं. लेक टाळ्या पिटत होती. ते दिवस त्याचे होते. मध्येच एखाद्या उंचवट्यावर मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा खणखणीत आवाज यायचा. तो त्याला ऐकू यायचा. लेकीलाही यायचा. दोघंही त्यावर बोलत नसत.

मग तो दिवस आला. लेक आणि तिची मित्रमंडळी गाड्यांवर, मिस्त्री आपल्या गाडीवर, आणि सामान घेऊन जीपमध्ये मेहुणा. मेहुणा पायथ्याशी थांबणार होता. "आज सामानाकडे मी बघतो, दाजी," तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे."

हे वाक्य टनभाऊने कानात जपून ठेवलं आणि गाडीला किक मारली.

पहिला ओढा ओलांडला. मागचं लोखंड दोनदा खणखणलं, पण ओढा ओलांडला. पुढे सुट्या दगडांचा उभा चढ होता. लेक सरसर वर गेली आणि वळणावर थांबून तिने हात केला. त्याने तिच्याकडे बघतच गाडी चढावर घातली. अर्ध्यात गाडी मागून बसली. पुढचं चाक जमीन सोडून वर आलं, हळूच, बसलेला माणूस उठावा तसं, आणि त्याला आभाळ दिसलं. मग दगड.

गाडी त्याच्यावरून नाही, बाजूने घरंगळली, एवढं नशीब. घोटा मात्र बघता बघता सुजला. त्याला दोघांनी धरून जीपपर्यंत आणलं. मिस्त्रीने गाडी खाली आणून उभी केली, सीटवर दोन्ही हातांनी भार दिला, खाली वाकून मागे बघितलं. स्प्रिंगच्या तळाशी आपटून आपटून रंग उडाला होता.

"टनभाऊ," तो हलक्या आवाजात म्हणाला, "किती?"

टनभाऊ सुजलेल्या घोट्याकडे बघत राहिला.

"सांगून टाका, दाजी," मेहुणा म्हणाला. "आता काय, पकडून नेणार आहेत का?"

"एकशे अठ्ठावीस."

कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर तो त्यांच्याआधी हसला असता. मिस्त्रीने नुसता हात पुसला. "एवढीच गोष्ट होती," तो म्हणाला. "दुसरी स्प्रिंग लावली असती, बस. गाडीला लाज नसते हो." आणि तो आपल्या गाडीकडे वळला. आकड्यावरून त्याच्याशी आजवर कुणी असं बोललं नव्हतं.

लेक शेजारी उकिडवी बसून घोट्यावर ओला रुमाल बांधत होती.

"तुला माहीत होतं?"

"दवाखान्यात दिवसभर माणसंच बघते मी, बाबा. वजन नुसतं बघून कळतं."

"मग तिथे बोलली का नाहीस?"

"तुमच्याकडे बघवेना." गाठ मारून झाली तरी ती मान खालीच घालून होती. "मी थांबते इथे. नाही जात."

ती थांबते म्हणाली, पण डोक्यावरचं हेल्मेट तिने काढलं नव्हतं. वर बाकीच्यांची इंजिनं चालूच होती. चारच दिवसांनी ती शहराला निघणार होती.

"जा," तो म्हणाला. "सगळे खोळंबलेत."

"दाजी," मेहुणा हिरव्या गाडीभोवती फिरत होता, "नाहीतरी ही उन्हात पडून राहणार. मी नेऊ वर? रानातल्या वाटेने गाडी मीही घालतो. पोरीला सोबत होईल. पोरापोरींत मिस्त्री एकटाच मोठा माणूस."

"ने."

मेहुणा गाडीवर बसला. ती जेवढी दबायला हवी तेवढीच दबली. तो ओढ्यातून गेला, चढावर गेला, आणि टनभाऊ कान देऊन ऐकत राहिला. लोखंड एकदाही वाजलं नाही. वळणावरून कुणीतरी हात केला. ती लेक होती की मेहुणा, उन्हामुळे दिसलं नाही. मग आवाज झाडीत शिरले आणि तुटत तुटत वर गेले.

जीपच्या सावलीत पिशव्या होत्या, जास्तीचे बूट होते, पाण्याचे कॅन होते. तो त्यांच्यामध्ये बसून राहिला. सावली सरकली तशी त्याने एकेक पिशवी सावलीत ओढली.

उन्हं कलल्यावर सगळे खाली आले. मेहुणा गाडीवरून उतरता उतरताच ओरडला, "दाजी, काय गाडी बांधलीय मिस्त्रींनी! वाटतं, माझं माप घेऊनच केलीय!"

मागून लेक आली. केस ओले, गालांवर चिखल. ती त्याच्यासमोर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि शब्द शोधू लागली.

"हो का?" तो म्हणाला.

तिने अजून काहीच सांगितलं नव्हतं. तो जीपच्या कडेला धरून एका पायावर उठला आणि ज्याची पिशवी त्याच्या हाती देऊ लागला. सगळ्या जागच्या जागी होत्या. एकही कमी भरली नाही.