दर वितीला तुटणारा दोरा

उभ्या चिखलीत दोरा तुटू न देण्याची विद्या देवानं एकट्या आमच्या मामांना दिली होती, असं खुद्द मामांचंच ठाम मत होतं. पोटापाण्यासाठी ते तहसिलीत कारकून. नागपूरच्या सरकारचे कागद नकलून घरी आले, की टोपी खुंटीला आणि हात त्या जुन्या विलायती हातमशीनला. सुई बोथट व्हायच्या आत बदलायची, ताणाचा स्क्रू पाव फेऱ्याहून जास्त फिरवायचा नाही, आणि उन्हाळ्यात सुती दोरा कडक होतो म्हणून रिळं माठाखालच्या ओल्या फडक्यात ठेवायची! मामी करवादत, "माठ माणसायले आहे का रिळायले?" मामा शांतपणे म्हणत, "माणूस तहान सांगते वो, दोरा सांगत नाही." मशीनला दुसऱ्याचा हात लागला, की मात्र त्यांचं डोकं फिरे. मामींनी लग्न झाल्यापासून तिच्यावर साधा उशीचा अभ्रा शिवला नव्हता.

वडील गेले आणि आई मला घेऊन भावाकडं आली. भावाच्या घरी बसून खायचं नाही, हे तिनं पहिल्याच दिवशी ठरवलं. मुलींच्या शाळेची पोलकी शिवायला मिळत होती, पण शाळा उघडायच्या आत द्यायची होती. मामांनी निमूटपणे मशीन तिच्यापुढं सरकवली. आता दोरा दर वितीला तुटू लागला! मामांनी सुई बदलली, ताण सैल केला, सुईखालच्या भोकाची धार घासली. छे! आई रडकुंडीला आली. "माह्या हातालेच यश नाही दादा. कापड वापस करते."

दुसऱ्या दिवशी मामांनी रजा टाकली आणि नुसते तिच्यासमोर बसून राहिले. दुपारी एकदम ओरडले, "अवं बाई, शिवून राह्यली का दळून राह्यली?" जात्यात दाण्यांची मूठ टाकताना खुंटा अंमळ मागं घ्यायची आईची जन्माची सवय. कापड सारखं करताना तिचा हात मशीनची मूठही तशीच मागं नेई, आणि दोरा अडकून तुटे.

पोलकी वेळेवर गेली. मग परकर आले, झबली आली. मामा दारातूनच विचारत, "तुटला काय बाई?"

"नाही, दादा."

"बरं झालं," म्हणत, आणि उगाच अंगणात फेऱ्या मारत. मशीन दिल्याचं त्यांना दुःख नव्हतं. करायलाच काही उरलं नव्हतं. ते बघून आईचा जीव तुटायचा.

एका संध्याकाळी त्यांची चाहूल लागताच आईनं धड चाललेला दोरा दातानं तोडला आणि हाक मारली, "दादा, पाहा न, आज काऊन तुटला हा?"

मामा चपला न काढताच आत आले.