मोरीतून वर आलेलं तळं

घरी पाहुणा आला की त्यानं चहाचा कप खाली ठेवायच्या आत आमचे हे त्याला सांगायचे, "तुम्ही तळ्यात बसलाय." पाहुणा दचकून पायाखाली बघायचा आणि ह्यांना तेवढंच हवं असायचं. मग लांबण लागायची. कोल्हापुरात जिकडेतिकडे तळी होती आणि ती बुजवत गाव वाढलं. सभा होतात ते मैदान तळं, फुटबॉलला गर्दी होते ते स्टेडियम तळं, आपण कोथिंबीर घेतो ती मंडईसुद्धा तळं. "न्हाईतर मंडईला कपिलतीर्थ कोण म्हणंल?" हा त्यांचा ठरलेला सवाल. आमची गल्लीही त्या मैदानाच्याच बुजवलेल्या तळ्यावर, काठाकडच्या बाजूला वसलेली. लग्नापासून हे ऐकून माझे कान किटले होते.

त्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली आणि रीतीप्रमाणे निम्मी गल्ली पूर बघायला घाटाकडे गेली. बाकी गावांतली माणसं पुरापासून लांब पळतात, आम्ही कणीस खात त्याच्या जवळ जातो. हेही गेले. मी घरीच थांबले, कारण सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि पाय जमिनीला टेकायची डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती. नदी आमच्यापासून लांब, तिचं पाणी गल्लीत कधी आलेलं नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. पाऊस मात्र सकाळपासून उघडला नव्हता.

दुपारी मोरीत गुडगुड झाली. बघते तर पाणी खाली जायच्याऐवजी वर येत होतं, काळं आणि गार. जाळीवर पोतं कोंबलं, पोत्यावर पाटा ठेवला, तरी ते कडेनं आलंच. ह्यांचा फोन लागेना.

"माझी चप्पल तरंगाय लागली," सासूबाई कॉटवरून म्हणाल्या.

मला इतकी भीती वाटली की रडूही येईना. त्यांना एकटीनं उचलणं मला शक्य नव्हतं.

दारातून हाका मारल्यावर शेजारचे भाऊजी आणि तालमीतले तिघे धावत आले. भाऊजींनी आपली गाडी आधीच पुढं मैदानाजवळ नेऊन लावली होती. "वहिनी, आईंना खुर्चीत घाला आन् चला म्होरं. रस्ता रुंद हाय, तिकडनं भाईर काढतो."

खुर्चीत बसवेपर्यंत पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. तेवढ्यात ह्यांचाच फोन आला. मी एका दमात भाऊजींचा बेत सांगितला. मागं गर्दीचा कालवा. "मैदानाकडं न्हेऊ नगंस. तळं तिथंच खोल हुतं. मागच्या बोळातनं देवळावर ने. देऊळ तळ्याच्या काठावर हाय, उंच." आणि फोन तुटला.

मी सांगितलं तसे भाऊजी भडकले. "बोळात अडकलो म्हंजे? ह्यो काय इतिहास सांगायचा टाईम हाय व्हय?"

अगदी माझंच वाक्य. जेवताना ह्यांना मी ते कितीदा तरी ऐकवलं होतं.

"देवळाकडं चला म्हंते न्हवं!" मी ओरडले. ओरडले खरी, पण खात्री मलाही नव्हती. बोळातच पाणी जास्त निघालं असतं, तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

आणि बोळात पाणी जास्तच निघालं. मांडीपर्यंत आलं. तालमीतल्यांनी खुर्ची खांद्यावर घेतली. भाऊजी पुटपुटत होते, सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मी ह्यांच्या नावानं बोटं मोडत चालले होते. मग वळणावर चढ लागला. पाणी गुडघ्यावर आलं, घोट्यावर आलं आणि देवळाच्या पहिल्या पायरीशी संपलं. वरच्या पायऱ्या नुसत्या पावसानं भिजलेल्या होत्या.

चौथऱ्यावरून खालचं मैदान दिसत होतं. तिथं पाणीच पाणी होतं आणि त्यात भाऊजींच्या गाडीचं फक्त टप वर होतं. भाऊजींनी ती बघितली. मग त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर आपला टॉवेल टाकला.

हे आले ते कमरेएवढ्या पाण्यातून. आईला बघितलं, खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"रडतोस कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "तळ्याचंच घर हाय त्ये. आपुनच पावणं."

आता सासूबाई काठी टेकत घरभर फिरतात. पाहुणा आला की हे तळ्याचं नाव काढत नाहीत. मग मीच सांगते, "तुम्ही तळ्यात बसलाय." पाहुणा हसून पायाखाली बघतो, आणि माझी नजर मोरीकडे जाते.