नानीबाईचा मिसकॉल

प्रेमसिंगच्या बायकोनं मला भर स्टँडवर सवत म्हटलं, तेव्हा मी चाळिशीला टेकलेली, जाड चष्म्याची बाई होते. शिरड शहापूरला माझं घर. वसमतला शिवणक्लासात शिकवायला जायचे आणि एसटी चुकली की प्रेमसिंगच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसायचे. बाईमाणूस म्हणून तो मला पुढं जागा द्यायचा. एवढाच काय तो माझा गुन्हा.

दोन हजार पाच-सहाचं साल असेल. प्रेमसिंगचा बंजारा तांडा आमच्या गावालगतच. तिथं तेव्हा मोबाइल मोजकेच. प्रेमसिंगनं एक स्वतःला घेतला, तर त्याच्या बायकोनं, नानीबाईनं, हट्ट धरून दुसरा मिळवला. तिला तो कुणाशी गप्पा मारायला नको होता. नवरा देखणा, मिशीला पीळ, गाडीत दिवसभर बाजाराच्या बायका. तिचा जीव सदा जळत असायचा. फोन आला आणि तिला घरबसल्या पहारा देता यायला लागला. एका फेरीत त्याचा फोन चार-चारदा वाजायचा. लगेच उचलला नाही तर रात्री ताट आदळलं जायचं, हे सगळ्या गाडीला ठाऊक होतं. मग तो एका हातानं स्टेअरिंग धरून, मान वाकडी करून, तांड्याच्या बोलीत तिची समजूत काढत राहायचा.

गाडी बाजूला घेऊन बोल, असं आम्ही त्याला कितीदा सांगितलं. पण त्याचीही अडचण होती. गाडी थांबली की इंजिनचा आवाज थांबायचा आणि आवाज थांबला की ती विचारायची, कुठं उतरलास, कुणाच्या घरी गेलास. म्हणून चालत्या गाडीतच बोलायचं, असा त्यानं मार्ग काढला होता. धन्य ती बायको आणि धन्य तो नवरा!

एका सकाळी आमच्या पुढं कारखान्याकडं निघालेली उसाची बैलगाडी होती. फोन वाजला आणि प्रेमसिंगची नजर खिशाकडं गेली. बैलगाडी हातभरावर आली तेव्हा मी किंचाळले. त्यानं कसंबसं स्टेअरिंग ओढलं, चाक रस्त्याखाली उतरलं, मागं एक लेकरू रडायला लागलं. फोन वाजतच होता, आणि हा बाबा पुन्हा खिशात हात घालून तो काढायला लागला. माझं डोकं फिरलं. मी फोन हिसकावून कानाला लावला, प्रेमसिंग गाडी चालवतोय म्हणून सांगितलं आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी नानीबाई स्टँडवर हजर. सवतीपासून सुरुवात करून तिनं मला जे काही म्हटलं, ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. माझ्या नवऱ्याचा फोन तुझ्या हातात काहून, हा तिचा मुद्दा. भांडायला मीही काही कमी नाही.

"मला जित्ती घरी जायचं होतं म्हणून," मी म्हटलं. "त्याचा एक हात तू फोनवर धरून बसतीस. असंच चाललं तर एक दिवस तो घरी येणारच न्हाई. मग कुणावर जळशील?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझ्या बोलण्यापेक्षा माझ्या रूपानंच तिची जास्त खात्री पटली असावी, असा मला दाट संशय आहे.

त्यानंतर ठरलं की गाडी चालू असताना तिनं फोन करायचा नाही आणि त्यानं उचलायचा नाही. स्टँडला गाडी उभी केली की त्यानं मिसकॉल द्यायचा. संशय मात्र कुठं गेला नव्हता. ब्लाउज शिवायच्या निमित्तानं ती माझ्याकडं यायला लागली. माप देता देता घरभर नजर फिरवायची.

थंडीतल्या एका संध्याकाळी ती अशीच आली आणि मिसकॉलची वेळ टळून गेली. आधी ती नुसती फणफणत होती. बांगडीवालीला सोडायला गेला असेल, नाहीतर हळदीच्या आडतीवरच्या त्या बाईला, अशी एकेक नावं घेत होती. अंधार पडला तशी नावं संपली. बटणावर अंगठा ठेवायची आणि काढून घ्यायची. तो रस्त्यात असला आणि उचलला तर?

शेवटी तिनं फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, "ताई, तुमच्यापाशी ठेवा. माझ्याकडून दाबल्या जाईल." मग दाराकडं बघत म्हणाली, "शेजारी कुणी बी बसू दे, ताई. पण वाजू दे."

वाजला. टायर पंक्चर झालं होतं, हे नंतर कळलं. तिनं तो माझ्या हातातून ओढून घेतला, उचलला नाही, नुसता छातीशी धरला आणि रडली. मग ब्लाउज न घेताच तांड्याकडं पळाली.

आतल्या खोलीत आमचे हे टीव्ही बघत होते. त्या बैलगाडीचा प्रकार मी घरी सांगितला होता, तेव्हा ह्यांनी 'बरं' म्हणून आवाज वाढवला होता. इतकी वर्षं मी त्याच रस्त्यानं जाते-येते. पोचलीस का, असं मला कुणी विचारलेलं नाही. नानीबाई साऱ्या जगातल्या बायकांवर जळत होती. त्या संध्याकाळी मी तिच्यावर जळले.