कदमचा बीकन

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझी बदली घाटकोपरला झाली. तेव्हा लष्करातल्या नोकरीची सतरा वर्षं झाली होती. मी हवालदार, रेडिओ मेकॅनिक. आमच्या हेलिकॉप्टर तुकडीचे बीकन माझ्या ताब्यात होते. बीकन म्हणजे जॅकेटच्या खिशात मावणारा केशरी डबा. अपघात झाला की एरियल ओढायची. तो सिग्नल देत राहतो आणि शोधणारे त्या मागावर येतात.

दर महिन्याला तेच काम. बॅटरीची मुदत बघायची, रबरी सील तपासायचं, एरियलचा गंज घासायचा. दोन वर्षांत एकही बीकन कामाला आला नव्हता. मी कंटाळलो होतो.

त्या दिवशी सकाळी साडेसातला लान्स नाईक विलास कदम आपला बीकन न्यायला आला. भांडुपचा पोरगा, हेलिकॉप्टरचा क्रू.

"उस्ताद, सही करून द्या ना. गाडी थांबलीय."

"सील सुकलंय. बस."

"उद्या बदला की."

"बस म्हटलं ना."

दहा मिनिटं लागली. तो फुगूनच गेला.

अकरा वीसला वायरलेसवर कळलं, इंजिन बंद पडून हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं. आत दोघे होते, कॅप्टनसाहेब आणि कदम. बारा वाजता शोधविमान बोललं, "बीकन ऐकू येतोय. एकच." दुपारी एक वाजता बोटीनं माणूस उचलला. बेशुद्ध होता, चेहरा सुजलेला. बोटीवरून बीकनचा नंबर आला. मी रजिस्टर बघून सांगितलं, "कदमचा." चाळीस मिनिटं मी खुर्चीत पाठ टेकून बसलो होतो.

मग बोटीवरून निरोप आला. उचललेला माणूस कॅप्टन होता.

शुद्धीवर आल्यावर साहेबांनी सांगितलं. त्यांचे दोन्ही हात मोडले होते, त्यांचा बीकन आपटून फुटला होता. कदमनं स्वतःचा काढून त्यांच्या छातीला बांधला. नंतर लाटांत दोघांची ताटातूट झाली. सहा दिवस शोधलं. कदम सापडला नाही.

भांडुपला त्याच्या घरी मी गेलो. वडील गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी आधी विचारलं, "तां यंत्र चालू होतां मां?"

"होय बाबा. दीड तासाच्या वर चालू होतं."

"मगे माझो झील कित्याक नाय गावलो?"

त्यांचा मुलगा का सापडला नाही, ते सगळं मी सांगितलं.  मग ते सुनेला हाक मारून म्हणाले, "ह्येंका पाणी दी गो. उनातसून इलेत."