साडेचार वर्षांचा म्हातारा

टेक्सासात मेसन गावाबाहेर काही दोस्तांनी शिकारीसाठी रान भाड्याने घेतलं होतं. तिथे अर्विन लेहमनने 'हो' म्हटल्याशिवाय कुणी बंदुकीचा चाप ओढायचा नाही, असा दंडक होता. साडेपाच वर्षांखालचा नर मारायचा नाही असं ठरलेलं, आणि हरणाला काही जन्मदाखला नसतो. पाडसं जन्मतात उन्हाळ्यात, शिकार नोव्हेंबरात, म्हणून प्रत्येकाच्या वयाला 'साडे' चिकटलेलं. शिंगं बघून वय सांगणाऱ्याला अर्विन वेड्यातच काढायचा.

"शिंगं काय बघता? मिशा बघून माणसाचं वय सांगता का? पाठ बघा, पोट बघा, मान छातीत कुठे बुडते ते बघा!"

खोडच जडली होती मेल्याला. चर्चमध्ये नवे पाद्री आले, तेव्हा त्यांची चाल न्याहाळून हा पहिल्या बाकावरून मोठ्याने म्हणाला, "साडेतीन. अजून वाढू द्या."

असा हा माणूस एका फाटक्या कानाच्या नराबाबत मात्र धडधडीत खोटं बोलत होता. बायको गेली त्या वर्षी तो नर पहिल्यांदा रानालगतच्या अर्विनच्या अंगणात आला, तिचे गुलाब खाऊन गेला आणि मग रोजच यायला लागला. अर्विन त्याला शिव्या घालायचा. दिवसभरात दुसऱ्या कुणाशी तेवढंही बोलणं होत नसे. त्या हंगामात तो नर खरोखर साडेचारचा होता. पुढच्या हंगामातही अर्विन म्हणाला, "साडेचार." त्याच्या पुढच्याही. असं करत आठ वर्षं गेली.

यंदा त्या नराची पाठ जुन्या बाजेसारखी झोळ पडलेली, पोट लोंबतंय. शेकोटीवर सॉसेज भाजता भाजता टायरवाल्या हॉइटने विषय काढलाच.

"अर्विन, तो अजून साडेचारचाच कसा रे?"

"हळू वाढतो."

"हळू? अरे, माझी नात तेव्हा रांगत होती, आता ट्रॅक्टर चालवते!"

"असतं काहींचं तसं. तुझ्या अकलेचंच बघ ना."

सगळे हसले. हॉइट भडकला. "उद्या उडवतोच त्याला!"

अर्विनने आवाज शांत ठेवला. "उडव. म्हणजे माझी नजर गेली असंच ना? मग तुझ्या भिंतीवरचं ते मुंडकं, मी साडेसहाचं सांगितलेलं, ते कितीचं कोण जाणे. अडीचचंही असेल."

सगळ्यांचे घास हातातच राहिले. प्रत्येकाच्या घरी अर्विनच्या शब्दावर टांगलेलं एकेक मुंडकं होतं. तिथल्या तिथे मतदान झालं. हॉइटसकट सगळ्यांनी हात वर करून ठरवलं: साडेचार.

सकाळी सगळे अर्विनच्या ओसरीवर कॉफी पीत बसले होते, तेव्हा तो नर आला. अंगणाचं गुडघाभर कुंपण त्याने हुंगलं, जरा थांबला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग लांबून वळसा घालून तो फाटकातून आत आला. कुणी हसलं नाही.

"पुढच्या वर्षीही साडेचारचाच म्हणशील ना रे?" हॉइटने हळूच विचारलं.

अर्विनचे डोळे भरून आले होते. "आधी येऊ तर दे," तो म्हणाला.