मणियाराची कानस आणि सरपंचाची चोच

फकीर मोहम्मद मणियाराच्या हातात कधी मनगट दिलं नाही, अशी बाई डोणगावात सापडायची नाही. चाळीस वर्षं झाली. हात कितीही जाडजूड असो, तो अंगठ्याखालचं हाड असं काही दाबतो की बाईची शेजारणीबद्दलची चुगली संपायच्या आत डझनभर बांगड्या चढलेल्या असतात. त्याची बायको सलीमा म्हणते, "साऱ्या गावाच्या बायकायचे हात या मानसाले पाठ. माहाच तेवढा सापडत नाही."

याच हातांना पाखरांच्या चोची घासायचा नाद कसा लागला, हे तो कुणाला सांगत नाही. म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सलीमाच्या लव्हबर्डची चोच त्यानं एकदा नेलकटरनं कट्‌कन कापली होती. चोचीच्या आत रक्ताची नस असते, हे त्याला रक्त आल्यावर कळलं. पाखरू तासाभरात गेलं. सलीमा आठ दिवस बोलली नाही, आणि गल्लीनं एवढी शांतता त्याआधी नि त्यानंतर कधी अनुभवली नाही. पुढं मेहकरच्या गुरांच्या डॉक्टरनं त्याला समजावलं, "चाचा, कापायचं नाही. उजेडात धरून नस बघायची, आणि टोक हळूहळू घासायचं." तेव्हापासून काचेच्या बांगडीची धार मोडायची बारीक कानस तो चोचीला लावतो.

मागच्या महिन्यात चांगुणाबाईचा फोन आला. चांगुणाबाई वरच्या गल्लीतली. पोराला लांब नोकरी लागली, तेव्हा त्यानं आईच्या सोबतीला एक पांढरं कॉकटील पाखरू आणून दिलं. छोटा पोपटच, पण डोक्यावर तुरा. राग आला की तुरा ताठ होतो, म्हणून बाईनं त्याचं नाव ठेवलं सरपंच.

"फकीरभाऊ, आमच्या सरपंचाची चोच वाढली हो!"

आता, मणियाराच्या दुकानात बांगडी कधीच फुटत नाही. 'फुटली' म्हणणं अशुभ. तिथं बांगडी 'वाढते'. ज्या कानांनी जन्मभर हेच ऐकलं, त्यांनी याही वेळी तेच ऐकलं. चोच फुटली!

"या अल्ला! कशी काय वाढली?"

"आपोआपच. म्या काही केलं नाही."

"हात लावू नका. कडक दाना बंद. दुधात कुस्करलेली पोळी द्या, दोन-तीन हप्ते."

बाईनं ते इमानदारीनं पाळलं. परवा दुपारी ती पिंजरा घेऊन दुकानात येऊन उभी राहिली. "भाऊ, तुमच्या इलाजानं तं अजूनच वाढली!"

फकीर मोहम्मदनं पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. चोच कुठंही फुटलेली नव्हती. वरचा आकडा वळून गळ्यातल्या पिसांत रुतला होता.

"वाढली म्हंजे... लांब झाली?"

"मंग काय फुटली? फुटली असती तं फुटली म्हनलं असतं!"

"बाई, माह्या दुकानात आजवर कोनी फुटली म्हनलं नाही!"

सलीमा फिस्सकन हसली. तो हसला नाही. पाखरू फुगून बसलं होतं. आदल्या दिवसापासून त्याला पोळीचा तुकडाही उचलता आला नव्हता. चावायला काही कडक मिळालं असतं तर चोच थोडीफार झिजली असती. मऊ खायला त्यानंच सांगितलं होतं.

त्यानं डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर दूर खेड्यात जनावरांना लस टोचत होते. "उपाशी पाखरू उद्यापर्यंत टिकायचं नाही, चाचा. खाता येईल एवढंच टोक घासा. आणि उद्या दाखवायला आणाच. एवढी वाढते म्हणजे आत दुखणंही असू शकतं."

त्यानं सरपंचाला पंच्यात गुंडाळलं. छातीवर दाब पडला तर पाखराचा दम कोंडतो, म्हणून नुसती मान दोन बोटांत धरली. पंच्याखाली काळीज मोजता येऊ नये इतकं भराभर उडत होतं. सलीमानं मोबाइलचा उजेड चोचीमागं धरला. नसेची सावली दिसली, पण नसही चोचीबरोबर लांबून पार टोकाजवळ आलेली.

"काऊन थांबले?" चांगुणाबाईनं विचारलं.

"चूप राहा, बाई."

कानस फिरली. चार वेळा घासायचं, मग थांबायचं. पाखराला श्वास घेऊ द्यायचा. पुन्हा चार. पांढरी भुकटी पंच्यावर पडत होती. सरपंचानं मान झटकली आणि कानस निसटून चोचीच्या कडेवर खरवडली. सलीमानं उजेड जवळ नेला. नुसता ओरखडा होता.

टोक गळ्यापासून सुटलं, नखभर फट दिसली, आणि तेवढ्यात घासलेल्या जागी गुलाबी ठिपका उमटला. फकीर मोहम्मदनं कानस खाली ठेवली.

"अजून थोडी घासा ना भाऊ, पहिल्यावानी होऊ द्या. वाकडीच दिसून राह्यली."

"वाकडी राहू द्या. जित्ती आहे."

पिंजऱ्यात बाजरीचं कणीस टांगलं. सरपंच कोपऱ्यात पाठ करून बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. एक बाई लग्नाचा चुडा भरायला आली, तिला त्यानं नुसती हातानं थांबायची खूण केली. मग पाखरू सरकत आलं. पहिला दाणा चोचीतून निसटला, दुसराही. तिसऱ्याला टक् झालं, आणि टरफल खाली पडलं.

चांगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. चुडेवाल्या बाईनं मनगट पुढं केलं.

"उद्या संध्याकाळी या, माय," फकीर मोहम्मद म्हणाला. "सकाळी मले मेहकरले जायचं आहे. आन्‌ आज या हातानं तुम्हाले एक बांगडी धड भरणार नाही."

त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.