आमची आचारसंहिता आणि पहिली तक्रार

चार माणसं फुकटात काम करायला एकत्र आली की पगार कुणालाच मिळत नाही, किस्से मात्र सगळ्यांना मिळतात!

आम्ही उज्जैनचे तिघं मराठीचं स्पेलचेक बनवतो, चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारं. ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही यावं, उघडून बघावं, सुधारावं. सुरू केलं शिरीषदादांनी, ते कॉलेजात शिकवतात. वैशाली रेल्वेत, मी बँकेत.

दादा माणूस सोन्यासारखा, पण कुणी पाठवलेल्या कामावर कॉमेंट लिहायला बसले की संपलं! एका नवख्याला लिहिलं, "हे झोपेत केलंत का?" तो परत आलाच नाही.

वैशाली म्हणाली, "दादा, आपण आचारसंहिता लावू या."

"का? इलेक्शन लागलं का?"

*

तयार मसुदा नेटवर मिळतो, जगभरचे प्रोजेक्ट तोच घेतात. अपमान नको, खिल्ली नको, वगैरे. आम्ही तो मराठीत करून लावला. लगेच कुणीतरी विचारलं, "तक्रार नेमकी पाठवायची कुठे?"

बघतो तर काय, "तक्रारीसाठी पत्ता: इथे पत्ता लिहा" हे तसंच राहिलेलं!

दादा खुश. "राहू दे ना यार, किती शांती आहे!"

*

माधव नगरला दादांच्या घरी बसलो होतो. पोहे ठेवता ठेवता वहिनींनी मसुद्याचा कागद उचलला आणि शेवटपर्यंत वाचला.

"हे घरात पण लागू होतं का हो?"

दादांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. "पोहे एकदम बढिया झालेत!"

*

शेवटी वैशालीनं तिथे स्वतःचा ईमेल घातला, आणि पहिली तक्रार आली ती दादांवरच. धुळ्याच्या एका शिक्षिकेनं स्पेलचेकसाठी काही शब्द पाठवले होते. दादांनी खाली लिहिलं, "बाई, आधी स्वतः शाळेत जा."

आता दादा काय करतात, मला भारी उत्सुकता! वैशाली नानाखेड्याहून स्कूटरवर दादांकडे आली, नियम उघडला. लेखी माफी, नाहीतर प्रोजेक्टमधून बाहेर. स्वतःच्याच प्रोजेक्टमधून!

दादांनी स्वतःची कॉमेंट पुन्हा वाचली. मग म्हणाले, "जरा जास्तच बोललो मी," आणि टाइप केलं, "मी चुकलो."

'चुकलो'खाली लाल रेघ!

वैशालीनं आमची शब्दांची यादी उघडली. 'चुकलास' होता, 'चुकली' होती, 'चुकलात'सुद्धा होता. 'चुकलो' नव्हता.

दादांनी शब्द घातला. आमच्यात नवा शब्द दुसऱ्यानं तपासल्याशिवाय यादीत जात नाही. वैशाली तपासायला सरसावली.

"थांब," दादा म्हणाले. "त्यांनाच पाठवतो."

संध्याकाळी धुळ्याहून उत्तर आलं.

"तपासला. शब्द बरोबर आहे."